भोक तिकडे, वाल्व्ह इकडे

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून खाडीपलीकडे गेलं की भिवंडी तालुक्यातलं कोन लागतं. इथून भिवंडीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं आणि त्यांच्या दारात तोंड करून उभे असलेले ट्रक दिसतात. औषधं, चॉकलेट, आइस्क्रीम असा नाजूक माल ठेवायचा तर गोदामाला थंडावा लागतो, आणि थंडावा म्हटला की गॅस आला. पुढचा संवाद आहे तो इथं एसी-रेफ्रिजरेशनची कामं करणाऱ्या एका भाच्याचा आणि पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणं सांभाळून निवृत्त झालेल्या त्याच्या मामाचा. पात्रं कल्पित आहेत. त्यांच्या तोंडचे सन आणि आकडे मात्र खरे आहेत, आणि वादही. ओझोनचा प्रश्न जगानं सोडवत आणला असं म्हणतात. तो सुटतोय कशानं? वर आकाशात कुणी मोजत बसलं म्हणून, की खाली कुणी वाल्व्ह बंद केला म्हणून?

भाचा : मामा, परवा एका ट्रेनिंगला जाऊन आलो. दिवसभर ओझोनवर भाषण, शेवटी सर्टिफिकेट आणि फोटो. मी एकच विचारलं, भोक अंटार्क्टिकावर, गॅस भरतो मी कोनमध्ये, तर आमच्या डोक्यावर भोक आहे का? म्हणाले, प्रश्न नंतर घेऊ. ते नंतर काही आलं नाही.

मामा : मग माझ्याकडून घे. आपल्या डोक्यावर भोक नाही आणि कधीच नव्हतं.

भाचा : झालं तर! मग इतका गाजावाजा कशाला?

मामा : थांब जरा. आधी भोक कशाला म्हणतात ते बघ. तुझ्या डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणला आणि शून्य अंश तापमानात, समुद्रसपाटीच्या दाबाखाली पसरला, तर जगाच्या सरासरीनं जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा थर होईल. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे एक डॉब्सन एकक. म्हणजे ३ मिलिमीटरचे ३०० डॉब्सन. आपल्या उष्ण पट्ट्यात हा आकडा बहुतेक वेळा २५० ते २८० च्या घरात असतो. अंटार्क्टिकावर तो २२० च्या खाली गेला की भोक पडलं असं धरतात. तिकडे वाईट वर्षी ऑक्टोबरात तो शंभराच्या आसपास येतो.

भाचा : म्हणजे आमचं कमीच, पण पहिल्यापासून कमी.

मामा : बरोबर. ओझोन तयार होतो तो मुख्यतः आपल्याच पट्ट्यावर, कारण ऊन इथं सगळ्यांत कडक. तयार झालेला माल मात्र वरच्या संथ वाऱ्यांबरोबर ध्रुवांकडे सरकतो आणि साठतो तिकडे. या फिरण्याला ब्रुअर-डॉब्सन अभिसरण म्हणतात.

भाचा : बरं, मग माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. आर-२२ हा गॅस हवेच्या तिप्पट जड. बंद खोलीत गळला तर खाली बसतो, माणूस गुदमरतो. हे आम्हाला शिकाऊ असतानाच बजावतात. असला जड गॅस ३० किलोमीटर वर चढलाच कसा? मला तर वाटतं, हे सगळं नवा गॅस विकायच्या कंपन्यांचं कारस्थान आहे.

मामा : खोलीत बसतो, कारण खोलीत वारा नसतो. उघड्यावर हवा इतकी ढवळली जाते की जड-हलकं असा भेद उरत नाही. पण तू तर्कावर विश्वास ठेवू नकोस, पुरावा ऐक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं हैदराबादला मोठ्या फुग्यांचं केंद्र उभारलंय. तिथून १९८५ आणि १९८७ साली अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं जर्मनीच्या मॅक्स प्लांक संस्थेबरोबर फुगे सोडले. फुग्याखाली धातूच्या रिकाम्या बाटल्या, त्या द्रवरूप निऑननं थंड केलेल्या. ठरलेल्या उंचीवर बाटलीचं तोंड उघडायचं, आत शिरलेली हवा जागच्या जागी गोठायची. बाटल्या खाली आणून तपासल्या तर स्थितांबरातल्या, म्हणजे ओझोनच्या थरातल्या, हवेत सीएफसी सापडले, तुझ्या आर-२२ च्याच कुळातले जुने क्लोरीनवाले गॅस. जड गॅस वर जाईल का, हा वादच उरत नाही. तो वरून पकडून आणला होता.

भाचा : हैदराबादवरून?

मामा : हैदराबादवरूनच, आणि ते महत्त्वाचं आहे. खालची हवा स्थितांबरात शिरते ती मुख्यत्वे उष्ण पट्ट्यातून. पृथ्वीचं धुराडं म्हण हवं तर, ते आपल्या अंगणात आहे. पावसाळ्यात तर आपल्याकडचे मोठाले ढग जमिनीलगतची हवा थेट वर नेऊन सोडतात. म्हणून कोनमधला गॅस काय आणि कॅलिफोर्नियातला काय, वर्षा-दोन वर्षांत जगभर सारखाच मिसळतो. मग भोक तिकडेच का, तर तिकडच्या हिवाळ्यामुळे. अंटार्क्टिकावर हिवाळ्यात वाऱ्याचा एक भोवरा बसतो, आत तापमान उणे ७८ च्याही खाली जातं, आणि इतक्या वर सहसा नसणारे ढग तयार होतात. त्या ढगांच्या कणांवर क्लोरीन मोकळं व्हायच्या तयारीत येतं. सप्टेंबरात सूर्य उगवला की एकेक क्लोरीनचा अणू हजारो ओझोन-रेणू मोडतो.

भाचा : ठीक, हे पटलं. पण मग पुढचा प्रश्न. हा गॅस सोडला कुणी? अमेरिकेत १९३० च्या दशकापासून घराघरात फ्रिज. आमच्या आजीच्या वेळी अख्ख्या आळीत एक फ्रिज असायचा, तोही लग्नाच्या आइस्क्रीमसाठी मागून आणायचे. आणि आता शहाणपण शिकवायला आम्हीच सापडलो?

मामा : हेच भारतानं १९९० साली लंडनच्या बैठकीत ठणकावून सांगितलं. तेव्हा पर्यावरण खातं मेनका गांधींकडे होतं. ओझोन खाणारे गॅस थांबवायचा मूळ करार १६ सप्टेंबर १९८७ चा, मॉन्ट्रियलचा. भारतानं त्यावर लगेच सही केली नाही. नवं तंत्र विकत घ्यायचे पैसे कोण देणार, हा आपला आणि चीनचा सवाल होता. त्यातून श्रीमंत देशांच्या पैशांचा बहुपक्षीय निधी उभा राहिला आणि मग १९ जून १९९२ ला भारत करारात आला. पुढे आपण दिलेला शब्दही पाळला. सीएफसीचं उत्पादन १ जानेवारी २०१० पर्यंत थांबवायचं होतं, आपण १ ऑगस्ट २००८ लाच थांबवलं. मुदतीच्या सतरा महिने आधी.

भाचा : ते मोठ्यांचं झालं, मामा. सीएफसी बनवणारे कारखाने देशात मोजून चार-पाच. एक सरकारी अधिकारी गाडी काढून सगळीकडे जाऊन टाळं लावू शकतो. आमचं तसं नाही. कोनपासून मानकोलीपर्यंत मिस्त्री किती, ते कुणाला माहीत आहे का?

मामा : तू काय करतोस ते सांग ना. जुना एसी उतरवताना गॅसचं काय करतोस?

भाचा : चालू मशीन असेल तर पंप डाउन. बाहेरच्या युनिटचा लिक्विड वाल्व्ह बंद करायचा, कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, सगळा गॅस ओढून कंडेन्सरमध्ये घ्यायचा. गेजचा काटा शून्याला टेकला की सक्शनचा वाल्व्ह बंद. गॅस आत कोंडला. नव्या जागी युनिट बसवलं की तोच परत वापरायचा. पण लोक एसी बदलतात कधी? कॉम्प्रेसर बसला की. बसलेल्या कॉम्प्रेसरनं पंप डाउन होत नाही. मग फ्लेअर नट ढिली करायची, फुस्स आवाज येतो, बोटं गारठतात, दोन मिनिटांत सव्वा किलो गॅस हवेत. खरं सांगतो, या धंद्यातल्या बहुतेकांचं असंच चालतं.

मामा : रिकव्हरी मशीन असतं ना?

भाचा : असतं. ते वागवायचं, त्याचा वेगळा सिलिंडर वागवायचा, वर तासभर जास्त जातो. ग्राहकाला म्हटलं, याचे वेगळे पैसे होतील, तर तो विचारतो, गॅस माझाच, फेकून देताय, आणि पैसे मी का देऊ? समजा काढला, तर पुढे? तो जुना गॅस तेलानं, ओलीनं खराब झालेला. शुद्ध करून परत घेणारं माझ्या ओळखीचं दुकान कोनमध्ये नाही. सिलिंडर भरून कोपऱ्यात ठेवायचा आणि त्यावर कॅलेंडर टांगायचं. तुमच्या कराराला कारखाना दिसतो. फ्लेअर नट दिसत नाही.

मामा : तुझं म्हणणं टाळता येणार नाही. पण करार कुठून आला ते बघ. तो मिस्त्रींनी आणला नाही, कारखान्यांनीही नाही; त्यामागे एक कंटाळवाणं काम करणारी माणसं होती. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी प्रयोगशाळेतून इशारा दिला की सीएफसी वर जाऊन ओझोन खाईल. लोकांनी तो ऐकला, अमेरिकेनं डब्यातल्या बहुतेक फवाऱ्यांत सीएफसीवर बंदीही घातली, आणि विषय मागे पडला. पण अंटार्क्टिकात हॅली नावाच्या ब्रिटिश तळावर १९५०च्या दशकापासून एक डॉब्सन यंत्र उभं होतं. ते बनवलं ऑक्सफर्डच्या डॉब्सननी, १९२० च्या दशकात. लांबुळकी पेटी, तिच्यातून सूर्याच्या अतिनील प्रकाशातले दोन रंग वेगळे करायचे. एक ओझोनला खूप आवडतो, तो शोषला जातो. दुसरा फारसा शोषला जात नाही. डायल फिरवत राहायचं, काटा शून्यावर आला की डायलवरचा आकडा लिहायचा. त्या फरकावरून वरचा ओझोन कळतो. थंडीत बोटं बधिर होत असताना हेच काम वर्षानुवर्षं.

भाचा : रोज तोच आकडा?

मामा : जवळजवळ तोच. ऑक्टोबरची सरासरी ३०० च्या आसपास, मग हळूहळू उतरती, आणि १९८४ मध्ये २०० च्याही खाली. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी मे १९८५ मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापलं. त्या वेळी नासाचा निंबस-७ उपग्रह १९७८ पासून वरून तेच बघत होता. पण १८० डॉब्सनच्या खालचे आकडे संगणक संशयास्पद म्हणून खूण करून बाजूला काढायचा. फार्मननी छापल्यावर नासाच्या लोकांनी तो बाजूला काढलेला ढीग पुन्हा तपासला, तर भोक अख्ख्या खंडाएवढं. खाली जुनं यंत्र नसतं तर वरच्या नव्या यंत्राला आपलंच खरं वाटलं नसतं.

भाचा : आणि आपल्याकडे?

मामा : कोडाईकॅनालला १९५७ पासून डॉब्सनवर मोजतात. पण मला जवळची गोष्ट पुण्याची. डॉब्सन वरचा एकूण ओझोन सांगतं, कुठल्या उंचीवर किती ते सांगत नाही. त्यासाठी फुग्याखाली यंत्र पाठवावं लागतं, ओझोनसाँड. अ‍ॅना मणी पुण्यात हवामान खात्याच्या उपकरणांचं काम बघायच्या. परदेशी यंत्र एकदा उडवलं की गेलं, ते पुन्हा विकत घ्यायला परकीय चलन कुठून आणायचं? म्हणून १९६० च्या दशकात भारतीय ओझोनसाँड इथंच बनवला. सी. आर. श्रीधरन यांनी १९६८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नंतर पुणे, दिल्ली, तिरुवनंतपुरम आणि अंटार्क्टिकातल्या मैत्री तळावरूनही आपले फुगे जात राहिले.

भाचा : त्या यंत्रात असतं काय?

मामा : थर्माकोलचं खोकं. त्यात चिमुकला टेफ्लॉनचा पंप आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाची नळी. पंप बाहेरची हवा द्रावणात बुडबुडवतो. ओझोनच्या प्रत्येक रेणूमुळे आयोडीन मोकळं होतं आणि त्यातून दोन इलेक्ट्रॉन इतका विद्युतप्रवाह मिळतो. किती प्रवाह, तितका ओझोन. रेडिओ तो आकडा खाली पाठवतो. फुगा तीसेक किलोमीटरवर फुटतो. मात्र उडवण्याआधी पंप किती हवा ओढतो ते नक्की माहीत हवं, नाही तर सगळं फुकट. त्यासाठी काचेच्या नळीत साबणाचा पातळ पडदा धरायचा, पंप लावायचा आणि तो पडदा शंभर मिलिलिटरच्या खुणा किती सेकंदांत ओलांडतो ते घड्याळावर बघायचं.

भाचा : साबण? आम्हीही लीक साबणाच्या पाण्यानंच पकडतो. ब्रेझिंगच्या जोडावर फेस लावायचा, बुडबुडा फुगला की लीक सापडला.

मामा : मग तू आणि मी एकाच शाळेतले. बुडबुडा खोटं बोलत नाही.

भाचा : पण तुमचा बुडबुडा फक्त किती ते सांगतो, कोण ते नाही.

मामा : कोण तेही सांगतो. सीएफसी-११ ची गोष्ट ऐक. फोमच्या पत्र्यांत, फ्रिजच्या भिंतींत वापरायचे तो वायू. २०१० पासून जगभर त्याचं उत्पादन बंद. त्यामुळे हवेतलं प्रमाण दरवर्षी ठराविक वेगानं उतरायला हवं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या माँटस्का यांनी दाखवलं की २०१२ नंतर उतरणीचा वेग निम्म्यावर आलाय. म्हणजे कुणी तरी चोरून बनवतंय. मग दक्षिण कोरियाच्या गोसान आणि जपानच्या हातेरुमा केंद्रांतल्या नोंदी काढल्या. वारा ज्या दिवशी कुठून आला आणि त्या दिवशी आकडा किती चढला, याचा माग काढत गेले, तर बोट गेलं पूर्व चीनच्या शानतुंग आणि हपेई प्रांतांकडे. वर्षाला साधारण ७,००० टन जादा. २०१९ मध्ये हे छापून आलं. चीननं धाडीही घातल्या, आणि त्यानंतरच्या मोजणीत आकडा पुन्हा उतरला. कारखान्याच्या आत न जाता, हवेवरून चोर पकडला.

भाचा : वा! पण मामा, चोर पकडला तो शेजारी कॅमेरा होता म्हणून. कोरिया, जपानमध्ये यंत्रं होती. हीच चोरी भिवंडीत झाली असती तर?

मामा : कठीण झालं असतं, हे मान्य. हरितगृह वायूंसाठी गोव्यात काबो द रामावर १९९३ पासून हवेच्या बाटल्या भरल्या, मध्ये काही वर्षं ते थांबलंही. पुण्याच्या आयआयटीएमनं २००९ पासून सिंहगडावर हवेचे नमुने घेतले. ही कामं मोलाची आहेत. पण सीएफसीसारख्या वायूंची अखंड नोंद ठेवणारं गोसानसारख्या केंद्रांचं जाळं आपल्या उपखंडावर नाही. २०१६ च्या जून-जुलैमध्ये ब्रिटनचं संशोधन विमान उत्तर भारतावर फिरलं. त्या नमुन्यांवरून जो हिशेब मांडला, त्यात डायक्लोरोमिथेन नावाच्या द्रावकाचं आपलं उत्सर्जन २००८ च्या अंदाजाच्या जवळजवळ पाचपट निघालं. औषधं बनवताना, रंग काढताना वापरतात ते. त्यातही क्लोरीन आहेच, पण ते हवेत फार दिवस टिकत नाही म्हणून कराराच्या बाहेर राहिलं.

भाचा : बघा. मोजायलाही विमान बाहेरचं आणि पाचपट ठरवणारेही बाहेरचे. तुम्ही म्हणाल, मोजणं निष्पक्ष असतं. यंत्र निष्पक्ष असेल, पण ते उभं कुठं करायचं हे पैसेवाला ठरवतो.

मामा : तुझा राग खरा आहे, उपाय मात्र उलटा. यंत्र बाहेरचं म्हणून नको म्हणायचं नाही. आपलं उभं करायचं. जो मोजत नाही, त्याच्या वतीनं दुसरा मोजतो आणि मग त्याचाच आकडा चालतो. अ‍ॅना मणींनी साँड इथं बनवला तो याचसाठी.

भाचा : मग आता मी तुम्हाला एक दाखवतो. त्या गोदामात चला. हे लाकडी पॅलेट बघा, निर्यातीचा माल यावर रचतात. बाजूच्या फळीवर डागून काढलेला शिक्का. डावीकडे गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, मग देशाचं ‘आयएन’, मग नंबर, आणि शेवटी दोन अक्षरं. या पॅलेटवर ‘एचटी’, म्हणजे लाकूड तापवून कीड मारली. त्या पलीकडच्यावर ‘एमबी’, म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिली. ताडपत्री घट्ट बांधून निदान चोवीस तास ठेवतात, मग ताडपत्री काढतात. काढल्यावर गॅस कुठं जातो, सांगा?

मामा : हवेत. आणि ब्रोमीन ओझोनला क्लोरीनपेक्षा साठेक पटीनं घातक.

भाचा : मग यावर बंदी का नाही?

मामा : शेतात वापरायला आहे. श्रीमंत देशांना २००५ पासून, आपल्याला २०१५ पासून. पण जहाजानं जाणाऱ्या मालातली कीड एका देशातून दुसऱ्यात जाऊ नये, या कामासाठी कराराला सूट ठेवली. पर्याय सगळीकडे नव्हता. एक जमेची बाजू अशी की मिथाइल ब्रोमाइड हवेत वर्षभरही टिकत नाही. वापर घटला की आकडा लगेच उतरतो, आणि तो उतरलेला आहे.

भाचा : म्हणजे व्यापाऱ्याला सूट, मिस्त्रीला सर्टिफिकेट.

मामा : सूट कमी करायचा मार्ग या पॅलेटवरच आहे की. तापवलेल्या लाकडाचा शिक्का घेतला तर धुरीची गरजच नाही. माल पाठवणाऱ्यानं मागितलं पाहिजे.

भाचा : बरं, माझ्या गॅसवर या. मी धंद्यात आलो तेव्हा सगळीकडे हिरवा सिलिंडर, आर-२२. मग म्हणाले, हा ओझोन खातो, आर-४१० घ्या. गुलाबी सिलिंडर आला, त्याचा दाब जास्त, गेज बदला, टूल बदला. मग म्हणाले, तो पृथ्वी तापवतो, आर-३२ घ्या. तो थोडा पेट घेणारा, म्हणून ब्रेझिंगआधी नायट्रोजननं लाइन साफ करा. प्रत्येक वेळी भुर्दंड माझ्या खिशाला. एकदाच काय तो शेवटचा गॅस सांगा ना!

मामा : सांगतो, पण आधी हिशेब बघ. आर-२२ ओझोन थोडा खातो, पण एक किलो सुटला तर पृथ्वी तापवण्यात तो १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. आर-४१०ए ओझोनला हात लावत नाही, पण तापवण्यात २,००० च्या वर. आर-३२ पावणेसातशेच्या आसपास. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, फक्त तीन. किगालीत २०१६ मध्ये जगानं ठरवलं की ओझोन न खाणारे पण तापवणारे हे एचएफसीही घटवायचे. भारतानं २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपला वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा. आर-२२ चं तर आधीच ठरलंय. नवी मशीनं बनवताना आता तो वापरत नाहीत, २०३० नंतर जुन्या मशीनच्या दुरुस्तीपुरता थोडा उरेल, तोही २०४० पर्यंत.

भाचा : आणि प्रोपेन? स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊ तो. बेडरूममध्ये लावायला कोण तयार होईल?

मामा : शिरवळला गोदरेजच्या कारखान्यात २०१२ पासून प्रोपेनवरचे एसी बनतात. थोडाच गॅस लागतो, बसवणारा मात्र शिकलेला हवा. मोठ्या शीतगृहांत तर अमोनिया आहेच. वास मारतो, विषारी आहे, पण ओझोनला आणि तापमानाला त्याचा उपद्रव नाही. शेवटचा गॅस म्हणून विचारशील तर हीच दोन नावं.

भाचा : म्हणजे फिरून निसर्गातल्याच गॅसकडे. मधली नव्वद वर्षं आम्ही प्रयोगातली उंदरं.

मामा : त्या नव्वद वर्षांचा निकाल तरी बघ. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या आढाव्यानं म्हटलंय, आहे तसं चालू राहिलं तर ओझोन १९८० च्या पातळीवर परत येईल. जगाच्या बहुतेक भागांत २०४० च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर २०४५, अंटार्क्टिकावर २०६६. २०२४ चं भोक १९९२ पासूनच्या छोट्या भोकांत सातवं होतं. ढोल वाजवण्यासारखं नाही, पण दिशा बरोबर आहे. हा आकडा आपण सांगू शकतो, कारण कुणी तरी रोज मोजतंय. अमेरिकेचा ऑरा उपग्रह २००४ चा, आता म्हातारा झाला. त्याच्यावरच्या काही यंत्रांना वारस नाही. मला भीती त्याची वाटते.

भाचा : २०६६! इतका उशीर का? गॅस तर बंद झाला.

मामा : बंद झाला बनवणं. वर गेलेला टिकून आहे. सीएफसी-१२ साधारण शंभर वर्षं हवेत राहतो. आणि खाली जुन्या फ्रिजांत, फोमच्या भिंतींत, बंद पडलेल्या चिलरमध्ये अजून साठा आहे. त्याला बँक म्हणतात. त्या बँकेतून रोज थोडं थोडं बाहेर पडतंय.

भाचा : आणि त्या बँकेचा कॅशियर मी आहे! हे तुमच्या अहवालात कुणी लिहीत नाही. बघा मामा, तुमची जीत झाली कारण थोडे कारखाने होते, थोडी सरकारं होती, पैसे देणारा निधी होता. पुढचं काम तसं नाही. पुढचा गॅस लाखो मशीनमध्ये आहे आणि तो सुटायचा की नाही हे पाना कुणाच्या हातात आहे त्यावर ठरणार. आकाशात मोजून तुम्हाला सुटला हे कळेल. सुटायच्या आधी कळायचं असेल तर खाली मोजायला हवं.

मामा : हे मात्र मला मान्य आहे. मग तूच सुरुवात कर. एक वही घाल. प्रत्येक कामाला किती गॅस भरला, किती काढला, मशीन कुठलं, लीक कुठल्या जोडावर सापडली. सिलिंडर काट्यावर ठेवून वजन घ्यायचं, आधी आणि नंतर. आम्ही हेच केलं. आकडा रोज लिहिला. हॅलीच्या वहीतही पंचवीस वर्षं कुणाला विशेष काही दिसलं नव्हतं.

भाचा : लिहीन की. वजनकाटा माझ्याकडे आहे, वही दहा रुपयांची. पण हॅलीच्या माणसाला त्या वहीसाठी पगार होता, मामा. मला काढलेल्या प्रत्येक किलोमागे पैसे द्या, मी तुम्हाला ग्रॅमपर्यंत हिशेब देतो.